एका शब्दाचं उत्तर

मी आयुष्यभर नक्की काय काम केलं, हे आमच्या आळीत कुणालाही धड सांगता येत नाही, आणि त्यात मीही आलो. आम्ही कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. वडील तांब्याचे हंडे आणि बंब ठोकायचे. त्यांचं काम रस्त्याने जाणाऱ्याच्याही कानावर पडायचं. माझं काम म्हणजे खुर्चीत बसून पडद्याकडे बघणं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी समोरचे बापूकाका अधूनमधून विचारतात, "अरे, तू करत काय होतास?" मी म्हणतो, "कॉम्प्युटर." ते म्हणतात, "दुरुस्तीचं का?" मी म्हणतो, "हो." विषय तिथं मिटतो. या अंकाच्या संपादकबाईंना मात्र तेवढ्यावर कटवता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तर आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा तुकडा, जो बाकीचे प्रोग्रॅमर आपापल्या कामात जोडून घेतात, त्याला लायब्ररी म्हणतात. खडकी स्टेशनजवळच्या एका चारमजली इमारतीत आमची छोटी कंपनी होती. तिथं मी सतरा वर्षं एकच लायब्ररी सांभाळली. तिचं काम फायली नेटवर्कवरून इकडच्या तिकडे करणं, आणि एका वेळी पुष्कळ करणं.

हे "एका वेळी" कसं होतं, ते मी नवीन माणसांना पंगतीवरून सांगायचो. पन्नास पानं मांडली आहेत आणि वाढपी एकटाच आहे. पहिल्या माणसाचं जेवण उरकेपर्यंत तो त्याच्याच समोर उभा राहिला, तर शेवटच्या पानावर भात पडायला संध्याकाळ होईल. म्हणून तो ओळीने फिरत राहतो. ज्याला हवं त्याला वाढतो, ज्याचा घास तोंडात आहे त्याला सोडून पुढे जातो. नेटवर्क म्हणजे सावकाश जेवणारं माणूस. एक घास दिला की दुसरा मागायला वेळ लावतं. त्या वेळात आमची लायब्ररी बाकीच्यांना वाढून येते. अजून किती जण जेवताहेत, हा आकडा ती सतत सांगते. आणि जो पानावरून उठला, तो पोटभर जेवून उठला की अर्धपोटी, याची एक चिठ्ठी ती पेटीत टाकते. पेटी उघडून चिठ्ठ्या वाचायच्या, हे लायब्ररी वापरणाऱ्याचं काम. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही रचना माझी. तिचा मला अभिमान होता. कमी बोलणारी वस्तू चांगली, असं आमच्याकडे मानतात.

गिऱ्हाइकं नाना परींची. लग्नाचे अल्बम छापणारे एक गृहस्थ होते. त्यांना हजार फोटो एकदम पाठवायचे होते. मी सांगितलं, वीस-वीस लावा, हजारही लवकर जातील. त्यांना तो कंजूषपणा वाटला. "लायब्ररी घेतलीय ना आम्ही? मग हजार लावा." लावले. त्यांच्या दुकानातलं नेटवर्क पहिल्या मिनिटाला आडवं झालं आणि वधूपक्षासमोर त्यांच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मग फोन आला, "वीस म्हणालात ना तुम्ही?" मी म्हटलं, "हो."

दुसरे एकजण नकाशांचं काम करायचे. त्यांची तक्रार अशी की, तुमची लायब्ररी मध्येच झोपते. दोन आठवडे आम्ही ती झोप शोधत होतो. आमच्याकडे चालवली की ती पळायची, त्यांच्याकडे चालवली की डुलक्या. शेवटी मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. एक फाईल पोचली की त्यांचा कॉम्प्युटर आरतीच्या चालीची धून वाजवायचा. त्यांच्या प्रोग्रॅमरने ती धून आमच्या वाढप्याच्याच गळ्यात बांधली होती. ती संपेपर्यंत बिचारा हात जोडून उभा, आणि बाकीची पंगत उपाशी. मी धून काढायला सांगितली. ते म्हणाले, "शुभ वाटतं हो." मी म्हटलं, "मग छोटी ठेवा." त्यांनी नुसती घंटा ठेवली. अजून वाजत असेल.

या गोष्टी आम्ही चहाच्या वेळी एकमेकांना रंगवून सांगायचो. पुढची मात्र मी कधी सांगितली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एका कंपनीचं ऑफिस होतं. एका डिप्लोमा परीक्षेच्या उत्तरपत्रिका स्कॅन करण्याचं काम तिच्याकडे होतं. पेपर झाला की त्याच दिवशी परीक्षा केंद्रावर उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या आणि त्यांच्या फायली पुण्यातल्या मुख्य कॉम्प्युटरवर यायच्या. तपासनीस त्या पडद्यावर तपासायचे. या फायली आणणारी लायब्ररी आमची होती.

एका सकाळी मी ऑफिसात पोचलो, तर दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या होत्या. हाताला माती लागून वाळलेली, मांडीवर कापडी पिशवी. आमची मृण्मयी, म्हणजे माझ्याबरोबर ही लायब्ररी सांभाळणारी मुलगी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, खालच्यांनी पाठवलंय यांना. सॉफ्टवेअर वरच्यांचं आहे म्हणून."

बाईंचं आडनाव शेवाळे. मांजरीला एका नर्सरीत रोपं भरायच्या कामाला होत्या. दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांची मुलगी प्रियांका डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि निकालात एका विषयापुढे 'गैरहजर' असं आलं होतं.

"कॉलेजात विचारलंत का?" मी म्हणालो.

"इचारलं की. ते म्हनले हजेरीचा कागद मंडळाकडं गेला. मंडळात गेले तर म्हनले अर्ज करा, दोन महिन्यानं कळंल. तिथल्या शिपायानं खालच्या हापिसाचा पत्ता दिला." त्यांनी पिशवीतून अर्जाची पोच काढून दाखवली. "दोन महिनं कुनी थांबतंय व्हय आमच्यात? घरात समदी म्हनत्यात, पोरगी पेपराच्या नावाखाली भलतीकडंच गेली व्हती. तिचा चुलता म्हनतो, हाय येवढं शिक्षान बास, आता स्थळ बघू. येत्या रविवारी मानसं यायची हायेत बघाया."

"मुलगी काय म्हणते?"

"पयल्यांदा रडली. आता बोलतच न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सायेब, खोटं कशाला बोलू? मी सोता तिला बशीत बसवलं त्या दिवशी. पर बशीतनं उतरून ती कुटं गेली, ह्ये बघाया मी न्हवते. पास-नापास न्हाई इचारत मी. ती पेपराला बसली व्हती का न्हाई, येवढं तुमच्या मशिनीला इचारून सांगा."

त्यांना चहा द्यायला सांगून मी खाली गेलो. जाताना माझ्या मनात फक्त एवढंच होतं की खालच्यांनी आपलं लचांड आमच्या गळ्यात टाकलंय आणि ते परत करून यायचं.

खालचा मुख्य प्रोग्रॅमर निनाद. तिशीचा, नम्र, बोलायला गोड मुलगा. मी त्याला विचारलं, "फायली आल्यात का नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

"सर, तुमचा काउंट झिरो झाला की ऑल रिसीव्ह्ड. मग ज्या नंबरची फाईल नसेल, तो स्टुडंट ॲब्सेंट."

"आणि पेटी? प्रत्येकाचा निकाल वाचत नाही तुम्ही?"

"पण सर, तुम्हीच कन्फर्म केलं होतंत." त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

आठ महिन्यांपूर्वीची त्याची मेल होती. त्याने विचारलं होतं की चालू कामांचा आकडा शून्य झाला, म्हणजे सगळी कामं संपली, असं धरलं तर बरोबर का? खाली माझं उत्तर होतं. "हो." एका शब्दाचं उत्तर, आणि त्याखाली माझं नाव, हुद्दा, कंपनी आणि फोन अशी चार ओळींची सही.

उत्तर बरोबरच होतं. आकडा शून्य झाला की काम संपतं. पानावर कुणी उरलेलं नसतं. पण उठलेल्यांतला एखादा अर्धपोटी उठलेला असू शकतो. एखाद्या फाईलची लाईन मध्येच तुटली तर तिचंही काम संपतं, फक्त फाईल पोचत नाही. हे निनादला माहीत नव्हतं, म्हणून तर तो विचारत होता. मला माहीत होतं, पण त्याने तेवढंच विचारलं होतं. त्या दिवशी मला कसलीही घाई नसणार. उलट नेमकं आणि बिनचूक उत्तर दिल्याचं समाधानच वाटलं असणार. माझा स्वभाव मला माहीत आहे.

वडिलांकडे कुणी हंडा न्यायला आला आणि "गळणार नाही ना?" म्हणाला, तर ते एका शब्दाचंसुद्धा उत्तर द्यायचे नाहीत. पण प्रत्येक हंडा त्यांनी आदल्या दिवशी पाण्याने भरून उंबऱ्यावर ठेवलेला असायचा, आणि सकाळी खालची फरशी कोरडी दिसली तरच तो गिऱ्हाइकाच्या हातात जायचा. मी त्यांचं न बोलणं तेवढं उचललं होतं.

वर आल्यावर मृण्मयीला सांगितलं. ती म्हणाली, "सर, पण टेक्निकली तुम्ही करेक्टच आहात ना?" मला समजवायला म्हणाली ती, पण मला फार वाईट वाटलं.

तो बुधवार होता. उत्तरपत्रिकांच्या फायलींची एक प्रत परीक्षा केंद्रावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहायची. पण ते कॉम्प्युटर पुढच्या परीक्षेसाठी शुक्रवारी पुसले जाणार होते. कागदी उत्तरपत्रिका कुठल्या गोदामात गेल्या होत्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. गुरुवारी सकाळी निनादच्या स्कूटरवर मागे बसून मी हडपसरच्या पुढच्या त्या केंद्रावर गेलो. तिथल्या क्लार्कने आम्हाला तासभर उभं ठेवलं. "मशिन सील आहे. मंडळाचं पत्र आणा." निनादने पाच-सहा फोन करून मंडळातल्या एका साहेबांना लाईनवर घेतलं, तेव्हा कुठे सील निघालं.

आमची लायब्ररी न विचारता बोलत नसली, तरी रोजनिशी लिहायची. ती सोय मी फार पूर्वी स्वतःसाठी करून ठेवली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवसाचं पान उघडलं. साठ फायली. एकोणसाठांपुढे 'पूर्ण'. एकीपुढे 'मध्येच तुटली'. नंबर जुळवून पाहिला. प्रियांकाचाच होता.

एक फाईल पोचली म्हणून बाकीच्याही पोचल्या असतील, असं आम्हाला म्हणता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा आमच्या धंद्यात चालत नाही. मी निनादला सगळ्या केंद्रांच्या रोजनिश्या मागवायला लावल्या. संध्याकाळपर्यंत तुटलेल्या फायली निघाल्या अकरा. अकरा मुलं-मुली आपण पेपरला बसलो होतो असं घरी सांगत असणार, आणि कॉम्प्युटर नाही म्हणत होता. बाकीच्या दहांच्या घरी काय झालं असेल, ते मला कधीच कळलं नाही. अकराच्या अकरा फायली केंद्रांवर शाबूत होत्या. शुक्रवारचं पुसणं मंडळातल्या साहेबांनी थांबवलं.

केंद्रावरूनच मी शेवाळेबाईंना फोन लावला. उत्तरपत्रिका उघडून बघायचा मला अधिकार नव्हता आणि मी ती उघडली नाही. फाईलचं नाव आणि पानांचा आकडा बाहेरून दिसत होता तेवढाच.

"बसली होती का?" त्यांनी हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं.

"हो," मी म्हणालो. आणि सवयीने फोन ठेवणार होतो, पण ठेवला नाही. म्हणालो, "बाई, तिची उत्तरपत्रिका माझ्यासमोर आहे. पेपरच्या दिवशीच स्कॅन झालेली आहे. शिवाय पानं जास्त आहेत, म्हणजे तिने पुरवणी घेतलेली आहे. पुरवणी कुणी अर्ध्यातून उठून जाणारं घेत नाही. ती शेवटपर्यंत लिहीत बसली असणार. चूक तिची नाही, आमच्याकडची आहे. माझी आहे."

बाई ओरडल्या, पण माझ्यावर नव्हे, घरात कुणावर तरी. "ऐकलं का ओ? पुरवनी घेतली व्हती माझ्या पोरीनं! पुरवनी!"

फोन तसाच चालू राहिला होता. मीच हळूच ठेवला.

फायली सापडल्या, तरी मंडळाला नुसत्या फायली चालत नव्हत्या. उशिरा आलेली उत्तरपत्रिका तपासायची, तर ती उशिरा का आली आणि कुणामुळे, हे लेखी हवं होतं. खालच्या कंपनीने लिहिलं की लायब्ररीमुळे. आमचे मॅनेजर सबनीस यांनी लिहायला घेतलं की लायब्ररी माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणेच चालते, ती चुकीची वापरली गेली. दोन्ही पत्रं आपापल्या जागी खरी होती. दोन्ही एकदम गेली असती, तर मंडळाने चौकशी समिती नेमली असती आणि अकरा जणांचं वर्ष त्या समितीच्या फायलीत गेलं असतं.

मी तिसरं पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की आमच्याकडे याबाबत विचारणा झाली होती, मी तिला अपुरं उत्तर दिलं, आणि त्यातून हे घडलं. सोबत ती मेल जोडली.

सबनीसांनी पत्र दोनदा वाचलं. "अहो करडे, हे कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "म्हणूनच सांगतोय."

त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "पाठवा. पण यापुढे गिऱ्हाइकांच्या मेलना तुम्ही उत्तरं द्यायची नाहीत. बसा आणि ते माहितीपत्रक नव्याने लिहून काढा. कुणी न विचारलेलंसुद्धा सगळं लिहा त्यात."

त्यांनी ही शिक्षा म्हणून दिली होती. सहा महिने मी तेच केलं. मृण्मयीने आणि मी लायब्ररीतही एक बदल केला. प्रत्येकाचा निकाल पेटीतून उचलून वाचल्याशिवाय आकडा आता शून्यावर येतच नाही. जुन्या गिऱ्हाइकांनी ओरड केली की तुमची लायब्ररी फार बडबड करायला लागली आहे. नकाशावाल्यांनी तर तसं लेखी कळवलं.

महिन्याभराने शेवाळेबाई पुन्हा आल्या. बाकावर न बसता थेट आत आल्या. हातात काळ्या पिशवीतलं कढीपत्त्याचं रोप होतं. माझ्या टेबलावर कागद होते ते सरकवून त्यांनी ते ठेवलं.

"निकाल लागला," त्या म्हणाल्या. "नापास झाली. चार मार्कांनी."

एवढं सगळं करून चार गुण! मी म्हणालो, "वाईट झालं."

"त्यात काय वाईट? निस्तं नापास व्हनं येगळं आन खोटारडी ठरनं येगळं. गैरहजर काढून टाकलंय त्यांनी. चुलत्याला मी तो कागद वाचाया लावला, मोठ्यानं. बघाया येनाऱ्यांना तवाच नगं म्हनून कळवलं." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "हिवाळ्यात पुन्हा बसायची हाय त्या इषयाला. बोलाया लागली आता. भांडती बी." मग त्यांनी टेबलावर हात टेकला. "सायेब, आता पोचंल ना तिचा पेपर?"

मी खुर्चीत सरळ झालो आणि सांगायला लागलो. आता प्रत्येक फाईलचा निकाल वेगळा वाचला जातो, लाईन तुटली तर ती फाईल पुन्हा पाठवली जाते, पुन्हाही तुटली तर केंद्रावर तांबडी सूचना येते, आणि तोपर्यंत गैरहजर असा शेरा पडूच शकत नाही. पंगतीचं उदाहरण द्यायलाही सुरुवात केली. माहितीपत्रकाच्या लिखाणाची सवय लागायला लागली होती.

बाईंनी हात वर करून मला थांबवलं. "सायेब, मला ह्यातलं काय बी कळत न्हाई. निस्तं हो म्हना."

मृण्मयी पलीकडून बघत होती. इतक्या वर्षांत हा शब्द मी किती वेळा बोललो असेन, पण तो इतका जड कधी लागला नव्हता.

"हो," मी म्हणालो.

त्या समाधानाने गेल्या. लिफ्टचं दार बंद झाल्यावर मी निनादकडे खाली गेलो आणि म्हटलं, चालू असलेल्या फायलींमधली एकीची लाईन मुद्दाम तोड, मला बघायचंय काय होतं ते. त्याने तोडली. आकडा एकावर अडून बसला, शून्य झाला नाही. मी म्हटलं, आता दुसरी तोड. अशा अकरा तोडून बघितल्या, मगच वर आलो.